शब्दाचा भाव

मराठीतले हिशेबाचे शब्द एकदा सहज मांडून पाहा. 'हिशेब', 'जमा', 'खर्च', 'बाकी', 'वसूल', 'दलाल'. हे सगळे अरबी-फारसीतून आपल्याकडे आले आणि दफ्तरात, वहीत, बाजारात इतके मुरले, की आज त्यांना कोणी परके म्हणणार नाही. कवी म्हणून मला या घराण्यातल्या दोन शब्दांचे विशेष कौतुक वाटते. पहिला 'वायदा'. गझलेत वायदा म्हणजे प्रेयसीने दिलेला आणि बहुधा न पाळलेला शब्द. बाजारात वायदा म्हणजे अमुक तारखेला अमुक भावाने घेण्या-देण्याचा करार. गझलेतला वायदा मोडला तर शेर सुचतो, बाजारातला मोडला तर दिवाळे निघते. दुसरा शब्द 'अनामत'. मूळ शब्द 'अमानत'. मराठीच्या तोंडात अक्षरांनी जागा बदलल्या, अर्थ मात्र तोच राहिला. आमच्या घरी अमानत म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती वापरायची नाही, आणि मागितली की जशीच्या तशी परत द्यायची.

कवीने कंपन्यांच्या ताळेबंदावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. अर्थशास्त्राशी माझी ओळख पास होण्यापुरतीच. पण कंपनी आणि तिचे भागधारक यांच्यातले नाते मला नेहमी ओळखीचे वाटत आले आहे. हजारो अनोळखी माणसे आपली पुंजी मूठभर माणसांच्या हाती सोपवतात. ती मूठभर माणसे वर्षातून काही वेळा शब्द देतात, की तुमचे पैसे असे असे लावले आणि त्यांचे असे असे झाले. त्या शब्दावर शेअरचा भाव ठरतो. शब्द हा तर आमचाच प्रांत.

एखादे किराणा मालाचे दुकान विकत घ्यायचे असेल, तर आपण काय करतो? चार दिवस गल्ल्याजवळ बसतो. माल किती, उधारी किती, ती वसूल होण्यासारखी आहे का, जागा भाड्याची की मालकीची, हे पाहतो. कंपनीचा शेअर घेणाऱ्याला असे बसता येत नाही. कारखाना कुठे शंभर कोसांवर, खाती कुलूपबंद. कंपनी जे सांगेल तेवढेच त्याला दिसते. म्हणजे कंपनीची किंमत दोन गोष्टींवर ठरणार. एक, तिची खरी आर्थिक प्रकृती: नफा, कर्ज, हाती असलेली रोकड. आणि दोन, त्या प्रकृतीबद्दल ती काय सांगते आणि ते किती विश्वासार्ह आहे. या दोन गोष्टींची फारकत झाली, की काय होते, याचा पहिला मोठा धडा मुंबईला दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळाला.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. इंग्लंडची नजर मुंबई बंदराकडे वळली. खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. लोकांनी गाद्या उसवून त्यांतला कापूस विकल्याच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत नेहमीपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड जास्तीचे मुंबईत आले, असा अंदाज त्या काळच्या जाणकारांनी केला होता.

एवढा पैसा एका शहरात आला, की तो स्वस्थ बसत नाही. कंपन्या निघू लागल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या. कापूस दाबण्याच्या, जहाजांच्या, विम्याच्या कंपन्या आणखी वेगळ्या. या साऱ्यांत शिरोमणी होती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. कुलाब्यापासून मलबार हिलच्या पायथ्यापर्यंतचा समुद्र हटवून जमीन काढायची, ही तिची योजना. पाच हजार रुपयांचा तिचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जी जमीन विकून नफा व्हायचा, ती अजून पाण्याखाली होती.

पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले दिनशा वाच्छा तेव्हा विशीत होते. १९१० मध्ये त्यांनी या काळावर इंग्रजीत एक छोटे पुस्तक लिहिले. हा काळ समजून घेऊ पाहणारा माणूस फिरून फिरून त्या पुस्तकाकडेच येतो. त्या काळाचा नायक होता सुरतेहून आलेल्या कुटुंबातला दलाल, प्रेमचंद रायचंद. नव्या कंपनीचे शेअर कोणाला किती मिळायचे, हे पुष्कळदा त्याच्या शब्दावर ठरे. ज्याच्या नावापुढे त्याने आकडा घातला, तो त्या संध्याकाळी श्रीमंत. कंपनी काय करणार, तिच्याकडे पैसा किती, खर्च किती, हे कोणी विचारत नसे. प्रेमचंदशेठ आहेत ना, मग झाले.

समजा, एखाद्याने विचारले असते, तर त्याला उत्तर कुठे मिळाले असते? मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांना आपल्याकडच्या कायद्याने १८५७ मध्ये मान्यता दिली होती. १८६० मध्ये ही सोय बँकांनाही मिळाली. म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाने आपल्या शेअरपुरतेच बुडायचे, ही मुभा आली. तिच्या बरोबरीने ठरलेल्या नमुन्यातला, बाहेरच्या हिशेबतपासनिसाने पारखलेला ताळेबंद सर्वांपुढे ठेवण्याची आजच्यासारखी सक्ती मात्र आली नव्हती. धाडस स्वस्त झाले आणि माहिती दुर्मीळच राहिली.

त्यात बँक ऑफ बॉम्बेची भर पडली. १८४० मध्ये स्थापन झालेली ही बँक सरकारी भागभांडवलाची, म्हणून लोकांच्या मते काळ्या दगडावरची रेघ. शेअरच्या तारणावर कर्ज द्यायचे नाही, असे बंधन तिच्यावर होते. १८६३ च्या नव्या कायद्यात ते गेले. मग चक्र सुरू झाले. शेअर तारण ठेवून बँकेकडून कर्ज घ्यायचे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे, त्यामुळे भाव चढला की तारणाची किंमत वाढली म्हणून आणखी कर्ज मागायचे. ज्या भावावर बँक विसंबली होती, तो भाव तिच्याच पैशाने फुगत होता. बँकेच्या वह्या उघड्या असत्या, तर हे सहा महिन्यांत कोणाच्याही लक्षात आले असते.

९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. ही बातमी मुंबईला पोहोचली आणि कापसाचा भाव कोसळू लागला. वायद्याच्या सौद्यांचा मोठा हिशेब १ जुलै १८६५ रोजी पुरा व्हायचा होता. त्या तारखेला देणेकरी अनेक आणि पैसा कोणाकडेच नाही, अशी अवस्था झाली. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांना विकावा लागला. दिवाळखोरांची प्रकरणे इतकी झाली, की त्यांच्या निकालासाठी सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. १८६४ च्या गणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. कापसाच्या तेजीने ज्यांना या शहरात ओढून आणले होते, त्यांतले कितीतरी लोक आपापल्या मुलखाला परतले होते. ते शेअरवाले नव्हते. भराव टाकणारे, गाठोडी वाहणारे, गोदीत राबणारे होते. भाव फुगवण्यात त्यांचा हात नव्हता, पण फुगा फुटल्यावर गाव सोडावे लागले ते त्यांना.

बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. तेजीचा काळच विलक्षण होता, हे आयोगाने मान्य केले. पण त्याबरोबर कायद्यातली बंधने काढणे, चिटणीसांनी अधिकारांचा केलेला गैरवापर आणि संचालकांचा निष्काळजीपणा यांवरही त्याने बोट ठेवले. प्रेमचंद रायचंद पुढे हळूहळू सावरला. तेजीच्या दिवसांत त्याने मुंबई विद्यापीठाला मोठी देणगी दिली होती. त्यातून उभा राहिलेला, त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. त्या तेजीतले जे थोडे डोळ्यांना दिसते, त्यांत हे घड्याळ आहे.

धडा शिकायला मात्र वेळ लागला. हिशेबतपासणी सक्तीची करणारा कंपनी कायदा आला १९१३ मध्ये. १९३६ च्या दुरुस्तीने नफातोटा पत्रकाचा आग्रह धरला. १९४९ मध्ये चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था स्थापन झाली, तीही योगायोगाने १ जुलैला. १९५६ च्या कायद्याने ताळेबंदाचा नमुनाच घालून दिला. मालमत्ता इकडे, देणी तिकडे, अमुक बाब अमुक मथळ्याखाली. आपण म्हणू, नमुन्यात काय आहे? पण सगळ्या कंपन्या एकाच भाषेत बोलू लागल्या, की त्यांची तुलना करता येते. वृत्ताचे बंधन असते म्हणून तर मात्रा चुकलेली कानाला कळते.

तरीही स्वातंत्र्यानंतरची चार दशके सामान्य माणूस अहवाल वाचत नसे, आणि त्याला कारणही होते. नव्या शेअरची किंमत कंपनी ठरवत नव्हती. दिल्लीत भांडवल नियंत्रकाचे कार्यालय होते, ते ठरवत असे आणि बहुधा कमीच ठरवत असे. अर्ज करायचा, नशिबाने शेअर मिळाले तर फायदा ठरलेला. १९९२ मध्ये ते कार्यालय बंद झाले. सेबी ही संस्था १९८८ पासून होती, तिला १९९२ मध्ये कायद्याचे दात मिळाले. आणि त्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले.

त्या प्रकरणातला एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. दोनशे रुपयांच्या आसपासचा हा शेअर जवळजवळ नऊ हजारांपर्यंत नेला गेला. त्यासाठी एक तर्क पुढे केला गेला: आज अशी कंपनी नव्याने उभारायची तर किती खर्च येईल, तेवढी तिची किंमत धरा. वरवर पटणारा तर्क आहे. पण नदीकाठी पडका वाडा असेल, तर नवा बांधायला लागेल तेवढे पैसे त्याचे कोणी देत नाही. त्यातून भाडे किती येते, हे विचारतो. एसीसीचा नफा किती, हा आकडा तिच्या अहवालात छापलेला होता. इथे माहिती दडलेली नव्हती. तेजीच्या गलक्यात ती वाचायला कोणाला उसंत नव्हती.

याच्या पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९९३ मध्ये, इन्फोसिसने ९५ रुपयांना शेअर विकायला काढले. सात जणांनी १९८१ मध्ये पुण्यात सुरू केलेली ही कंपनी तोवर बंगळूरला गेली होती. लोकांनी तिच्याकडे पाठच फिरवली. सगळे शेअर खपलेसुद्धा नाहीत. संगणकाच्या कंपनीकडे जमीन नाही, धुराडे नाही, तिची किंमत करायची कशावरून? मग या कंपनीने सांगण्याचा सपाटा लावला. कायद्याने मागितले त्याहून अधिक सांगायचे, अमेरिकी पद्धतीनेही हिशेब मांडून दाखवायचे, माणसांचे कौशल्य ही आपली मालमत्ता किती भरते, याचाही अंदाज अहवालात द्यायचा. शंका आली तर सांगून मोकळे व्हा, असे नारायण मूर्ती वारंवार म्हणत. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेलेली ती पहिली भारतीय कंपनी ठरली. उत्तम धंदा नसता, तर नुसत्या सांगण्याने हे झाले नसते. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या धंद्यावर परक्यांनी पैसा लावला, त्यात या सांगण्याचा वाटा मोठा होता.

याच्या उलट गोष्ट घडली युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेत. ती कंपनी नव्हती, पण मध्यमवर्गाची अनामत तिच्याइतकी दुसऱ्या कोणाकडे नसेल. १९६४ पासून शिक्षकाने, कारकुनाने, निवृत्त पोस्टमास्तराने तिच्यात पैसे ठेवले. युनिटचा खरेदी-विक्रीचा भाव ट्रस्ट स्वतःच ठरवत असे. एका युनिटमागे प्रत्यक्ष मालमत्ता किती, हे जाहीर होत नसे. २००१ च्या मे महिन्यात हा ठरवलेला भाव चौदा रुपयांच्या पुढे होता, आणि खरी मालमत्ता दहा रुपयांच्याही खाली गेली होती. त्या उन्हाळ्यात बड्या कंपन्यांनी आपले पैसे वेळेवर काढून घेतले. जुलै २००१ मध्ये व्यवहार थांबवले गेले, तेव्हा दाराशी उभे होते ते छोटे लोक. माहिती झाकून ठेवली, की ती कोणालाच कळत नाही, असे थोडेच असते? ती काहींना आधी कळते. आणि ज्यांना उशिरा कळते, त्यांच्या पैशातून आधी गेलेल्यांचा हिशेब चुकता होतो.

यावर कोणी म्हणेल, मग सगळे जाहीर करायला लावा, प्रश्न मिटला. तसेही नाही. सप्टेंबर २००८ मध्ये सत्यम कंपनीला उत्तम कारभारासाठी 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला. डिसेंबरमध्ये तिने प्रवर्तकांच्या घरच्याच दोन कंपन्या विकत घेण्याचा घाट घातला. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत बेत मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोकडीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. एका तिमाहीचा धंद्यातला नफा ६४९ कोटी दाखवला होता, खरा होता ६१ कोटी. १७९ रुपयांचा शेअर त्या एका दिवसात चाळीसवर आला. ताळेबंद होता, नमुना पाळला होता, नावाजलेल्या हिशेबतपासनिसांची सही होती. बँकेत पैसे खरोखर आहेत का, हा साधा प्रश्न तेवढा नीट विचारला गेला नव्हता.

पण सत्यमची गोष्ट तिथे संपत नाही. सरकारने नवे संचालक मंडळ नेमले. कर्मचारी खरे होते, ग्राहक खरे होते, कामही खरे होते. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने शेअरमागे ५८ रुपये बोली लावून कंपनी घेतली. खोटे उघडे पडले त्या दिवशी चाळीस, आणि दुसरी विश्वासाची माणसे वह्या उघडून बसल्यावर अठ्ठावन्न. तीन महिन्यांत कंपनीचा धंदा काही वाढला नव्हता. भाव वाढला तो शब्दाचा.

अभ्यासकांनी निरनिराळ्या देशांत हे तपासले आहे. मोकळेपणाने माहिती देणाऱ्या कंपन्यांना भांडवल स्वस्त मिळते आणि त्यांचे मूल्य चढे असते, असा कल पुष्कळ ठिकाणी दिसतो. मात्र कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सोडवणे अवघड आहे. मोठ्या आणि नफ्यातल्या कंपन्यांना सांगण्यासारखे चांगले असते, म्हणूनही त्या जास्त सांगतात. कर्जात बुडालेली कंपनी आपसूकच मोघम बोलते. म्हणून किती पाने छापली, याला फार अर्थ नाही. जे सांगितले, ते दुसऱ्या कोणाला पडताळता येते का, हे पाहायचे.

आपल्यासारख्याने काय पाहावे? मला जाणकारांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या मी पुढे देतो. नफा वाढतो आहे, पण धंद्यातून रोख पैसा येतो आहे का, हे रोकड प्रवाहाच्या पत्रकात पाहावे. प्रवर्तकांनी आपले शेअर कर्जापोटी गहाण टाकले आहेत का, हे पाहावे. सत्यमनंतर २००९ मध्ये सेबीने ही माहिती देणे सक्तीचे केले. आणि प्रवर्तकांच्या घरच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार कोणते, हे टिपांत शोधावे. टिपा बारीक अक्षरांत असतात. पत्रातला खरा मजकूर पुष्कळदा ताजा कलम मध्ये असतो, तसेच हे.

'माझा शेअर बाजाराशी संबंध नाही', असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. ऑगस्ट २०१५ पासून कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या पैशाचा काही भाग शेअर बाजारात जातो. म्हणजे साखर कारखान्यातला फिटर किंवा कंपनीच्या फाटकावरचा पहारेकरी, त्याने आयुष्यात एक शेअर घेतला नसेल, तरी त्याच्या म्हातारपणाची अनामत कुठल्या तरी ताळेबंदाच्या खरेपणावर टेकलेली आहे. १८६५ मध्ये गाठोडी वाहणाऱ्यांना निदान ठाऊक तरी नव्हते, की आपण कोणाच्या वायद्यावर जगतो आहोत. आपल्याला ठाऊक आहे.

आपल्याकडे हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा एक समज आहे. भावाला विचारायचा नाही, मित्राला विचारायचा नाही, शेठजीला तर नाहीच. मला वाटते, ज्याने अनामत नीट सांभाळली आहे, त्याला हिशेब विचारलेला आवडतो. तो वही काढून पुढे ठेवतो आणि चहा मागवतो. ज्याला राग येतो, त्याच्याकडे पुन्हा पैसे ठेवू नयेत.